कड्यासमोर रेस्टॉरंट बांधताय? आधी खुर्ची ठरवा, काच नंतर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. उताराचा प्लॉट, मागून रस्ता, पुढे दरी, पलीकडे सरळसोट कातळकडा, शंभर माणसांचं मॉडर्न रेस्टॉरंट, आणि हातात दोन डिझाइनं. एक म्हणजे दरीवर कँटिलिव्हर होऊन, म्हणजे खाली खांब न देता, बाहेर आलेला काचेचा डबा. दुसरं डोंगरात अर्धं रुतलेलं, वर शिखरांसारखं त्रिकोणी टोकांचं छप्पर. यातलं कुठलं घेऊ असं विचारलंय आणि शेवटी लिहिलंय की लोकांनी रस्त्यावर गाडी थांबवून फोटो काढला पाहिजे.

खरं सांगू का, गोची त्या शेवटच्या वाक्यात आहे. फोटो बाहेरून काढतात, जेवायला आत बसतात. तुमची दोन्ही डिझाइनं बाहेरून कशी दिसतील यावर बेतलेली आहेत, आणि समोर एवढा मोठा कडा असताना बाहेरून काही करून दाखवायच्या भानगडीत पडलात तर बिल्डिंग हमखास बारकी दिसते. म्हणून प्रश्न मी जरा बदलून घेतो: शंभरापैकी किती माणसांना ताटासमोर बसून तो कडा खरोखर दिसणार आहे, आणि हे सगळं चालवणारं किचन तिथल्या हवेत, थंडीत, उतारावर चालणार आहे का? मी वीस-बावीस वर्षं डोंगरातली कामं करतोय आणि माझ्या बहुतेक चुका या दोन प्रश्नांतच झाल्यात.

प्लॉट पाहिल्याशिवाय बरंच काही सांगता येणार नाही हे आधीच कबूल करतो. उंची किती, बर्फ पडतो की नुसता पाऊस, कडा कुठल्या दिशेला, खाली कातळ आहे की मुरूम, रस्त्यावरून केवढा ट्रक येतो, यावर उत्तरं बदलतात. पण विचार कसा करायचा ते सांगतो.

पहिली गोष्ट, प्लॅन बाजूला ठेवा आणि सेक्शन (बिल्डिंग आणि डोंगर उभे कापल्यासारखं ड्रॉइंग) काढायला लावा. समजा कड्याचा माथा तुमच्या फ्लोअरपासून ८०० मीटर वर आहे आणि आडवं अंतर २ किलोमीटर. म्हणजे नजर दर १० मीटरला ४ मीटर वर चढली पाहिजे. खुर्चीत बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतो. काचेपासून ५ मीटर आत बसलेल्याला माथा दिसायचा तर काचेची वरची कड ३.२ मीटरवर पाहिजे, १० मीटर आत बसलेल्याला ५.२ मीटरवर. आता काचेपुढे त्याच पातळीत दोन मीटरची वळचण काढली (तुमच्या दुसऱ्या डिझाइनमध्ये काढलेली दिसतेय) की तेच आकडे ४ आणि ६ मीटर होतात. म्हणजे नेहमीच्या तीन-सव्वातीन मीटर सीलिंगच्या हॉलमध्ये मागच्या टेबलांना कड्याचं पोट तेवढं दिसणार, माथा नाही, आणि माणूस वाकून वाकून वर बघत बसणार. भिंतभर काच लावूनही हेच होतं, कारण अडचण काचेच्या रुंदीत नाहीच.

यावर उपाय सोपा आहे: छताचा उतार उलटा ठेवा, पुढे उंच मागे ठेंगणं, आणि वळचण शक्य तेवढी कमी किंवा वर उचललेली. पण त्यात पावसाचं पाणी मागे डोंगराकडे येतं, म्हणजे मागची पन्हळ भरपूर मोठी, साफ करता येईल अशी आणि तुंबली तरी पाणी बाहेर सांडेल अशी करावी लागते. फुकट काहीच मिळत नाही.

दरीचं गणित याच्या उलट. दुसऱ्या ओळीतला माणूस काचेपासून ४ मीटरवर, पुढे ३ मीटरचा डेक, डेकला १.१ मीटरचा कठडा. त्याचा डोळा १.२ वर, कठड्याची कड १.१ वर, ७ मीटर लांब. म्हणजे त्याला दरी दिसतच नाही, कठडा दिसतो. लोक म्हणतात काचेचा कठडा लावू. लावा, पण त्यावर दव, धूळ, मुलांचे हात, वाळलेले पावसाचे थेंब हे सगळं येतं आणि रोज पुसायला माणूस लागतो. त्यापेक्षा डेक हॉलपेक्षा ९० सेंटिमीटर खाली उतरवा, तोच कठडा आत बसलेल्याच्या वाटेतून बाजूला होतो आणि सात मीटरला एक मीटर एवढी खाली नजर जाते. पैसे तेवढेच, फरक जमीन-अस्मानाचा. (डेकला रॅम्प मात्र आता वेगळा लागेल, तो विसरू नका.)

आता शंभर माणसांचा हिशोब. चार जणांचं टेबल काचेलगत साधारण दोन मीटर खातं. २० मीटर लांब काच म्हणजे १० टेबलं, ४० माणसं. उरलेली ६० कुठे? मागच्या ओळी पायरीपायरीने वर घ्या, ३०-४५ सेंटिमीटर पुरतात. पण तिथे व्हीलचेअर न्यायची तर १:१२ च्या रॅम्पने ४५ सेंटिमीटरला ५.४ मीटर लांबी जाते, मध्येच घुसवायला गेलात तर टेबलं खाते. तुमचा प्लॉट उताराचा आहे ना, मग वरच्या पातळीवरून आत या आणि खाली उतरत काचेकडे जा, रॅम्प बाजूच्या भिंतीलगत आपोआप बसतो. आणि बिल्डिंग लांब-अरुंद ठेवा, चौकोनी हॉल अशा जागी वाया जातो.

दुनियेत लोकांनी यावर काय काय केलंय बघा. स्वित्झर्लंडमध्ये शिल्थॉर्नच्या माथ्यावर, २,९७० मीटरवर, १९६० च्या दशकात रेस्टॉरंटच गोल फिरतं केलं, म्हणजे प्रत्येक टेबलाला सगळी शिखरं मिळणार. भन्नाट आहे, पण तो माथा आहे, चारी बाजूंना बघण्यासारखं आहे. तुमच्याकडे एकच बाजू आहे, फिरून भिंत बघायची का? नॉर्वेत ट्रॉलव्हेगेन म्हणून सुमारे १,१०० मीटरचा उभा कडा आहे, त्याच्या पायथ्याशी आर्किटेक्ट राइउल्फ रामस्ताद यांनी केलेली रेस्टॉरंटची बिल्डिंग आहे, पुढची बाजू काच आणि छपराला डोंगरासारखी टोकं. तुमच्या दुसऱ्या डिझाइनचा उगम तिथेच असावा असा माझा अंदाज आहे. तिचे फोटो बघताना टोकांकडे बघू नका, पुढची काच छपरासोबत किती वर चढलीय ते बघा. तुमच्या ड्रॉइंगमध्ये टोकं आलीत, पण आत सपाट फॉल्स सीलिंग दाखवलंय! म्हणजे बाहेरून शिखर आणि आतून ऑफिस.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते स्पेनच्या लांझारोते बेटावरच्या मिरादोर देल रिओने. कलाकार सेझार मान्रिके आणि त्यांच्या साथीदारांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेलं, समुद्रापासून पावणेपाचशे मीटरच्या आसपास कड्याच्या कडेवर, आत कॅफे आहे. बाहेरून जवळपास काहीच दिसत नाही, दगडात गाडलेलं. आत शिरलात की एक वळणदार बोळ, काहीच दिसत नाही, आणि मग एकदम मोठ्या काचा आणि खाली समुद्र, पलीकडे बेट. तिथली काच छानच आहे, पण काम करतो तो बोळ. तुमच्याकडे माणूस पार्किंगमध्ये उतरल्यापासूनच कडा बघत येणार, दारापर्यंत त्याचं बघून झालेलं असणार. पार्किंग आणि दार यांच्यामध्ये एक दगडी भिंत उभी करा, दोन मिनिटं कडा लपवा. स्वस्तातला उपाय आहे.

दिशा. कडा तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये आला तर तो काळाकुट्ट दिसतो, आणि वर आकाश डोळ्यांत घुसतं. सूर्य तुमच्या पाठीशी किंवा बाजूला असेल तेव्हाच कातळाच्या भेगा, रंग, सावल्या दिसतात. त्यामुळे कडा जेवणाच्या वेळी उजेडात असतो का, हे वर्षातून निदान तीन वेगळ्या महिन्यांत जाऊन बघा. आणि डोंगरात सूर्यास्त पंचांगाच्या वेळेला होत नाही, समोरच्या किंवा बाजूच्या धारेआड गेला की झाला. माझ्या एका कामात थंडीत दुपारी तीनलाच डेक सावलीत जायचा, मालकाने चार पर्यंतचं गिऱ्हाईक धरलं होतं. डेक वीस मीटर बाजूला सरकवला असता तर तासभर ऊन जास्त मिळालं असतं, पण ते कळलं तेव्हा काँक्रीट पडलेलं होतं.

रात्रीचं कुणी विचारतच नाही. बाहेर अंधार झाला की भिंतभर काच म्हणजे भिंतभर आरसा. लोक कड्याऐवजी स्वतःला आणि मागच्या टेबलावरच्या लोकांना जेवताना बघतात. सीलिंगमध्ये दिवे ठासून भरू नका. टेबलापुरता खाली पडणारा, बल्ब काचेत न दिसणारा उजेड, सगळं डिमरवर, मागची भिंत गडद, आणि काचेच्या बाहेर जवळच्या दोन-चार खडकांवर अगदी मंद दिवे, म्हणजे नजरेला बाहेर काहीतरी पकडायला मिळतं. कड्यावर मोठे फ्लडलाइट मारू नका, प्लीज. तिथे पक्षी राहतात, आणि चांदण्यातला कडा त्याहून कितीतरी चांगला दिसतो. पक्ष्यांवरून आठवलं, काचेत आकाश उमटतं आणि पक्षी येऊन धडकतात, तर बाहेरच्या पृष्ठभागावर बारीक ठिपक्यांचं प्रिंट घ्या, आतून दोन दिवसांत डोळ्यांना सवय होते.

काचेची माझी फजिती सांगतोच. डबल ग्लेझिंगची युनिटं खाली सपाटीवरच्या कारखान्यात सीलबंद होऊन आली, साइट दोन हजार मीटरच्या वर. गाडी घाट चढत असतानाच ड्रायव्हरचा फोन, की साहेब मागून कडकड आवाज येतोय. उंचीवर हवेचा दाब दर १,००० मीटरला साधारण ११-१२ टक्क्यांनी घटतो, आणि दोन काचांमध्ये कोंडलेली हवा तर खालच्या दाबाची. ती फुगते, काचा बाहेर पोट काढतात. चार युनिटं तडकली, बाकीची बसवली तर समोरचा डोंगर बाहेरून त्यात जत्रेतल्या आरशासारखा वाकडातिकडा दिसायचा, आणि वर्षभरात कडेचं सील सुटून आत धुकं धरायला लागलं. कारखान्याला दोष देऊन उपयोग नव्हता, ऑर्डरमध्ये उंची लिहायची माझ्याकडून राहिली होती. तर काचवाल्याला साइटची उंची आणि वाटेतला सगळ्यात उंच घाट लेखी द्या. दाब सारखा करायला बारीक नळी ठेवून युनिटं बनवता येतात, पण नळी उघडी राहणार असेल तर आत आर्गॉनसारखा गॅस टिकत नाही, म्हणजे थंडी अडवायची ताकद थोडी कमी, ते हिशोबात धरा.

त्रिकोणी टोकांबद्दल अजून एक. दोन टोकांच्या मध्ये खोबण असते आणि गळती तिथूनच होते, बर्फही तिथेच साचतो. ताजा बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास, पण वाऱ्याने दाबला गेलेला, जुना, भिजलेला बर्फ ४०० किलोपर्यंत जातो, आणि वारा तो उचलून आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो. त्यामुळे सगळ्या छपरावर सारखा भार धरलेला हिशोब कामाचा नाही. बर्फ नसेल तुमच्याकडे तर हा पॅरा सोडा, पण पानं आणि पाणी तरी असतीलच. सरळ एक-दोन पाख्यांचं छप्पर असेल तर मी रात्री शांत झोपतो. आणि कुठलंही पाखं दाराच्या डोक्यावर उतरू देऊ नका.

जमीन. हे खरंतर पहिलं यायला हवं होतं. आर्किटेक्टच्या आधी जिओटेकवाल्याला (जमीन-कातळ तपासणाऱ्या इंजिनिअरला) बोलवा आणि त्याच्यासोबत तुम्ही वर चढून बघा. बुंध्याशी वाकून वर सरळ झालेली झाडं, कातळावर ताजे फिक्या रंगाचे व्रण, पायथ्याशी पंख्यासारखा पसरलेला दगडगोट्यांचा ढीग, कोरड्या घळीच्या तोंडाशी मोठमोठे धोंडे: यातलं काही दिसलं तर ती घळ केव्हातरी खाली येते, आणि तिच्या तोंडाशी बांधायचं नाही, कितीही छान दिसत असलं तरी. मागे डोंगर कापून रिटेनिंग वॉल घालणार असाल तर भिंतीपेक्षा तिच्या मागच्या पाण्याला जास्त घाबरा. वरच्या बाजूला पाणी अडवून बाजूला काढणारा चर, भिंतीमागे गोट्यांचा थर, वीप होल (भिंतीतून पाणी बाहेर पडायची भोकं), आणि ती वीप होल दर वर्षी मोकळी करायची सोय.

आता किचन, म्हणजे खरं रेस्टॉरंट. शंभर माणसांना बसायला १५०-१८० चौरस मीटर लागतात, आणि किचन, स्टोअर, भांडी, टॉयलेट, स्टाफची जागा मिळून जवळपास तेवढीच अजून. तुमच्या दोन्ही ड्रॉइंगमध्ये किचन म्हणजे कोपऱ्यातला एक करडा चौकोन आहे. ट्रक कुठे वळणार? कचरा कुठे थांबणार, आणि जंगली जनावरं येणार नाहीत अशा बंद खोलीत का? भाजीची क्रेट आणि गिऱ्हाईक एकाच दारातून येणार का? कँटिलिव्हरवाल्यात तर किचन खालच्या मजल्यावर टाकलंय, म्हणजे प्रत्येक ताट लिफ्टने वर. लिफ्ट बंद पडली त्या दिवशी काय होतं ते मी पाहिलंय, वेटर जिन्यात एकमेकांना आडवे येत होते आणि सूप पायऱ्यांवर होतं.

उंचीवर किचनचं सगळं बदलतं. २,००० मीटरवर पाणी ९३ अंशांच्या आसपास उकळतं, उकडायला वेळ लागतो, म्हणजे शेगड्या जास्त वेळ अडकतात, म्हणजे शेगड्या जास्त लागतात. हवा विरळ असल्यामुळे गॅसचे बर्नरही कमी ताकदीने चालवावे लागतात, साधारण हिशोब असा की ६०० मीटरच्या वर गेलात की समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला ४ टक्के, म्हणजे दोन हजारावर २५ टक्क्यांच्या जवळपास कमी. कॅटलॉगमधले आकडे खालच्या हवेचे असतात, पुरवठादाराला उंची सांगून विचारा. आणि थंडी शून्याखाली जात असेल तर सिलिंडरमध्ये ब्युटेन जास्त असून चालणार नाही, ते शून्याच्या जरासं खालीच गॅस व्हायचं थांबतं, सिलिंडर भरलेला आणि शेगडी थंड. प्रोपेन लागतं. दोन्ही हवेपेक्षा जड, गळालं तर उतारावरून पाण्यासारखं खाली वाहत जातं, म्हणून सिलिंडरची जागा कधीही तळघराच्या, खड्ड्याच्या किंवा जनरेटरच्या वरच्या अंगाला ठेवू नका. हे माझ्या हातून एकदा ड्रॉइंगवर झालं होतं, फायरच्या माणसाने पकडलं, देव भलं करो त्याचं.

एक्झॉस्ट: दिवसा वारा बहुतेक दरीतून वर चढतो, रात्री थंड हवा वरून खाली उतरते. म्हणजे दुपारी जे धुराडं बरोबर जागी आहे तेच रात्री डेकवर तळणीचा वास ओतू शकतं. म्हणून धूर छपरावरून उंच आणि सरळ वर फेका. आणि किचनमधून जेवढी हवा खेचता तेवढी गरम करून आत द्या, नाहीतर ती पुढच्या दारातून खेचली जाते, दार उघडायला जड होतं आणि दाराजवळच्या टेबलाला पायांत बर्फाळ वारा. त्या टेबलावर कुणी दुसऱ्यांदा बसत नाही. दोन दारांच्या मध्ये तीनेक मीटरची खोली ठेवा, ओले बूट आणि कोट तिथेच निघतात.

सांडपाण्याचं एवढंच की थंडीत तूप-तेल पाइपात थिजतं, ग्रीस ट्रॅप (ते तेल-तूप अडवणारी टाकी) किचनजवळ, झाकलेला आणि गाडी लावून उपसता येईल असा पाहिजे. आग विझवायचं पाणी स्वतःचं साठवा, बंब वेळेत येईल हे गृहीत धरू नका.

आवाजाचं लोक अगदी उद्घाटनाच्या दिवशी शिकतात. काच, दगडी फरशी, काँक्रीटचं सीलिंग, शंभर माणसं, आणि बाहेर एवढी शांतता की फरक दुप्पट जाणवतो. सीलिंगला आवाज शोषणारं काहीतरी, लाकडी पट्ट्यांच्या मागे लोकर वगैरे, पहिल्यापासून बजेटमध्ये घाला. नंतर चिकटवलेलं नंतर चिकटवल्यासारखंच दिसतं.

बांधकामाचा मोसम तिकडे छोटा असतो, म्हणून जेवढं खाली बनवून वर नेता येईल तेवढं न्या. स्वित्झर्लंडमध्ये केझरुग्गवर, २,२६२ मीटरवर, हेर्झोग आणि द म्यूरोन या आर्किटेक्ट जोडीने २०१५ मध्ये पूर्ण केलेलं लाकडी रेस्टॉरंट असंच आधी भाग बनवून, तिथल्याच केबलकारने वर चढवून उभं केलंय. तुमच्याकडे रस्ता आहे, पण रस्त्यावरच्या सगळ्यात अवघड वळणात केवढी तुळई फिरते ते टेप घेऊन मोजा. बिल्डिंगची सगळ्यात लांब तुळई त्या वळणावर ठरते.

तर दोनपैकी कुठलं? रुतलेलं, पण बदलून. किचन, स्टोअर, टॉयलेट मागे डोंगराच्या अंगाला, रस्त्याच्या पातळीवर, जाड भिंतींत. पुढे लांब-अरुंद हॉल, दोन पायऱ्यांत उतरता, लाकूड किंवा स्टीलचा हलका, छप्पर काचेकडे चढतं, टोकं नाहीत. डेक आणखी खाली. कँटिलिव्हर मी घेणार नाही. पाच-सहा मीटर पुढे आल्याने दोन किलोमीटर लांबचा कडा जवळ येत नाही, फक्त खालून वारा लागतो, फ्लोअर खालूनही थंड पडतो आणि स्टील वाढतं. खाली बघायची हौस असेल तर डेकच्या एका टोकाला दोन माणसं उभी राहतील एवढा सज्जा काढा.

आर्किटेक्टकडून आता तीनच गोष्टी मागा: कड्याच्या माथ्यापासून दरीच्या तळापर्यंतचा एक लांब सेक्शन, त्यात प्रत्येक ओळीतल्या बसलेल्या माणसाच्या डोळ्यातून निघणाऱ्या रेघा, ट्रकच्या वळणासकट किचनचा खरा प्लॅन, आणि जिओटेकच्या बोअरच्या (जमीन तपासायला पाडायच्या भोकांच्या) जागा. ते येईपर्यंत चार बांबू आणि दोरी घेऊन प्लॉटवर जा, फ्लोअर जिथे येणार तिथे फळ्या टाकून दोन खुर्च्या मांडा, काचेची वरची कड दोरीने बांधा आणि दुपारी जेवणाच्या वेळेला बसून बघा. माथा दोरीच्या खाली दिसतोय की वर, ते इथे कळवा, मग छताच्या उंचीचं पुढे बोलू.